सॉफ्टवेअरचे चावडीवाचन

२०१७ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात गावोगावी चावडीवाचन झाले. हाताने लिहिलेले सातबारे संगणकात भरून झाले होते आणि भरताना चुका शिरल्या होत्या. कुणाच्या नावातले अक्षर गळले, कुणाचे क्षेत्र भलत्या रकान्यात सरकले, कुठे वारसांपैकी एकीचे नावच राहून गेले. या चुका मंत्रालयातून दिसण्यासारख्या नव्हत्या आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यालाही दिसणार नव्हत्या, कारण संगणकाच्या लेखी ‘शामराव’ आणि ‘श्यामराव’ ही दोन्ही नावे सारखीच बरोबर असतात. तलाठ्याने उतारा मोठ्याने वाचायचा, ज्याचे नाव त्यात आहे त्याने ऐकायचे, आक्षेप असेल तर तिथेच नोंदवायचा आणि मग दुरुस्ती करायची, अशी ती रीत. रीत जुनीच आहे. संगणक आल्यावर तिची गरज वाढली. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या जगात जे योगदान मेळावे भरतात, ते मुळात याच जातीचे असतात असे माझे म्हणणे आहे. ते खरे असेल, तर असे मेळावे पुण्या-मुंबईपेक्षाही यवतमाळसारख्या जिल्ह्यात भरण्याची गरज अधिक आहे.

मुक्तस्रोत म्हणजे ज्याची मूळ संहिता कुणालाही वाचता, बदलता आणि पुढे देता येते असे सॉफ्टवेअर. ते कुणा एका कंपनीच्या चार भिंतींत तयार होत नाही. जगभर विखुरलेली माणसे आपापल्या वेळेत त्यात भर घालतात, आणि अधूनमधून एका जागी जमून दोन-तीन दिवस मांडी ठोकून काम करतात. कुठे याला हॅकफेस्ट म्हणतात, कुठे मॅपेथॉन, कुठे नुसताच योगदान दिवस. मराठीत हे समजावून सांगताना इर्जिकीचा, सावडीचा किंवा श्रमदानाचा दाखला पटकन तोंडी येतो. तो अर्धाच खरा आहे. इर्जिकीत सगळे जण एकाच प्रकारची मदत घेऊन येतात: बैल आणि औत. जितके औत जास्त, तितके शेत लवकर नांगरून होते. सॉफ्टवेअरचे गणित असे चालत नाही. रखडलेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की तो आणखी रखडतो, हे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवले आहे आणि त्यानंतरच्या पन्नास वर्षांत ते पुन्हा पुन्हा खरे ठरले आहे. मग शंभर माणसे एका सभागृहात जमवून साधते काय? वेगवेगळे पाहणारे डोळे एकत्र येतात. लिहिणाऱ्याला जे दिसत नाही ते वापरणाऱ्याला दिसते, आणि त्या दोघांच्या मध्ये तेवढ्यापुरते फक्त एक टेबल उरते.

याचा सर्वांत चांगला पुरावा यवतमाळ ज्या प्रदेशात आहे त्याच्या नावातच आहे. ‘वऱ्हाड’ या शब्दातला अर्धा र पाहा. हिंदीत तो नाही. देवनागरीचे तंत्र प्रामुख्याने हिंदी डोळ्यांपुढे ठेवून बसवले गेले, तेव्हा ‘र’ला हलन्त जोडून पुढे व्यंजन आले की रफार काढायचा एवढाच नियम संगणकाला ठाऊक झाला आणि पडद्यावर ‘वर्हाड’ उमटू लागले. मराठी माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ बोलावले तर प्रवचन होते, ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर जेवण. युनिकोडने या अर्ध्या र साठी वाट ठेवली, पण ती वळणाची आहे. द्राविडी भाषांतील उच्चार लिहिण्यासाठी असलेल्या ‘ऱ’ या अक्षराला हलन्त जोडायचा, किंवा साध्या र आणि हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह टाकायचे. दोन्हींनी पडद्यावर तेच दिसते, पण संगणकाच्या पोटात ते दोन वेगळे शब्द असतात. एका पद्धतीने लिहिलेले ‘वऱ्हाडी’ शोधले तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले सापडेलच असे नाही. ‘ॲ’ या अक्षराचीही अशीच कथा. त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात ते नमुन्यासह ठरवून दिले. तरी फाँटमध्ये मराठीसाठी वेगळा आकार बसवणे आणि प्रत्येक प्रणालीला तो निवडायला लावणे हे काम कुणीतरी बसून करावेच लागले. यातली एकही चूक संगणकशास्त्राच्या कठीण ज्ञानाने सापडलेली नाही. ‘हे असे लिहीत नाहीत’ एवढेच म्हणणारा मराठी वाचक त्यासाठी लागला.

महाराष्ट्रात असे मेळावे झालेच नाहीत असे नाही. २०११ च्या नोव्हेंबरचा पहिला आठवडा त्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखा आहे. ठाण्याला विद्या प्रसारक मंडळात ‘कोहा’ या ग्रंथालय प्रणालीची जागतिक परिषद भरली आणि तिला जोडून हॅकफेस्ट झाला. त्याच आठवड्यात, ४ ते ६ नोव्हेंबरला, पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये ‘फेडोरा’ या लिनक्स प्रणालीचे वापरकर्ते आणि रचनाकार जमले होते. कोहाची जन्मकथा इथे मुद्दाम सांगावी अशी आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या ग्रामीण भागातल्या ग्रंथालयांना २००० साल उजाडताना जुनी संगणक प्रणाली बंद पडण्याची भीती होती, आणि विकतची नवी प्रणाली त्यांच्या दूरच्या शाखांमधल्या साध्या फोनलाइनवर चालणारी नव्हती. त्यांनी स्वतःची करवून घेतली, २००० च्या जानेवारीत सुरू केली आणि सगळ्यांना मोकळी दिली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, पण घेणाऱ्यालाही काही देणे लागते ही जाणीव त्या शब्दात असते. आपल्याकडे लग्नात आहेराची वही लिहून ठेवतात ती याच जाणिवेने. गरज एका आडगावच्या ग्रंथालयाची होती म्हणून ती प्रणाली कमी क्षमतेच्या जोडणीवर चालेल अशी झाली आणि पुढे जगभर पसरली. गैरसोयीच्या ठिकाणी बसलेल्या माणसाने घातलेली अट पुढे सगळ्यांच्या कामी येते, हे कोहाने दाखवून दिले.

पुण्यात याच काळात मराठी संगणकाचे बरेच पायाभूत काम झाले. ‘लोहित’ हे फाँट रेड हॅट कंपनीने खुल्या परवान्याने दिले आणि पुढे पुण्यातूनच त्यांची देखभाल होत राहिली. फायरफॉक्स, लिबरऑफिस, ग्नोम यांची मराठी रूपे स्वयंसेवकांनी आणि काही पगारी भाषांतरकारांनी मिळून उभी केली. ‘फ्यूएल’ नावाच्या उपक्रमात तर पडद्यावर वारंवार येणारे काही शे शब्द घेऊन भाषेची जाणकार मंडळी एकत्र बसत. ‘सेव्ह’ला ‘साठवा’ म्हणायचे की ‘जतन करा’, ‘डिलीट’ला ‘हटवा’ हे हिंदी वळण घ्यायचे की ‘काढून टाका’, असा एकेक शब्द पुकारून त्यावर हरकती घ्यायच्या. मात्र शब्द ठरला म्हणजे काम संपले असे नसते. मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप होते, आणि इंग्रजी साच्यात तयार झालेल्या प्रोग्रामला ते कळत नाही. ठिकाणाचे नाव घेऊन त्याला ‘त’ चिकटवा असे सांगितले, तर ‘वणीत’ आणि ‘आर्णीत’ बरोबर येईल, पण ‘पांढरकवडात’ आणि ‘दारव्हात’ असे चुकीचे उमटेल. हवे असते ‘पांढरकवड्यात’, ‘दारव्ह्यात’, ‘केळापुरात’. भाषांतरकार एकटा बसून हे दुरुस्त करू शकत नाही, कारण चूक शब्दात नसते, वाक्य जोडण्याच्या पद्धतीत असते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला ती एरवी दिसत नाही. दोघे शेजारी बसले, की पाच मिनिटांत ‘ठिकाण: पांढरकवडा’ अशी रचना सुचते, आणि ती सामान्यरूप असणाऱ्या इतर भाषांच्याही उपयोगी पडते. पत्रव्यवहाराने महिना घेणारी गोष्ट समोरासमोर लगेच का सुटते, याचे यापेक्षा साधे स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही.

आता यवतमाळ जिल्हा पाहा. सोळा तालुके, २०११ च्या जनगणनेप्रमाणे पावणेअठ्ठावीस लाखांच्या आसपास वस्ती, त्यात सुमारे साडेअठरा टक्के आदिवासी. महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी कोलाम इथे मोठ्या संख्येने आहेत. कोलामांची वस्ती म्हणजे पोड, बंजाऱ्यांची तांडा, पारध्यांची बेडा. महसुली गावांच्या यादीत यांतली पुष्कळ ठिकाणे वेगळी दिसत नाहीत, जवळच्या मोठ्या गावात ती धरलेली असतात. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या २००४ मध्ये सुरू झालेल्या मोकळ्या नकाशात कुणीही भर घालू शकतो. उपग्रहाच्या छायाचित्रावरून मारेगाव किंवा झरी जामणी तालुक्यातली घरांची छपरे जर्मनीत बसलेला स्वयंसेवकही रेखाटू शकेल. पण त्या आठ-दहा छपरांना काय म्हणतात, पावसाळ्यात तिथला रस्ता कुठल्या नाल्यापाशी तुटतो, हातपंपाला मार्चनंतर पाणी असते की नाही, हे छायाचित्रात नसते. केळापूर तालुक्याचे मुख्यालय पांढरकवड्याला आहे, एवढी साधी गोष्टसुद्धा परक्या नकाशाकाराला चकवते. आणि रुग्णवाहिका फोनवरचा नकाशा पाहून निघत असेल, तर नकाशात नसलेले पोड तिच्यापासून आणखी लांब जाते.

इथे एक हरकत गंभीरपणे घ्यायला हवी. नकाशावर येणे प्रत्येक वेळी भल्याचेच असते का? जिल्ह्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत, टिपेश्वरचे अभयारण्य आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे गावोगावी महत्त्वाचे आहेत. एखाद्या वस्तीची, देवस्थानाची किंवा पाण्याच्या जागेची नोंद जगजाहीर करावी की नाही, हे तिथल्या ग्रामसभेने ठरवायचे आहे; बाहेरून आलेल्या उत्साही विद्यार्थ्यांचा तो अधिकार नाही. चावडीवाचनाचा नमुना मला इर्जिकीपेक्षा जवळचा वाटतो तो यासाठीही. इर्जिकीत मदतीला आलेल्यांची ताकद महत्त्वाची असते, तर चावडीवर ज्याची नोंद आहे त्याचा शब्द महत्त्वाचा असतो. आधी वाचून दाखवायचे, होकार घ्यायचा आणि मगच लिहायचे, हा क्रम पाळला नाही तर मोकळ्या नकाशाचे काम जुन्या साहेबी मोजणीपेक्षा फारसे वेगळे राहणार नाही.

भाषेचा प्रश्न इथे शोभेचा नाही, हे यवतमाळला २०१७ मध्येच भयानक रीतीने कळले. त्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कारणे अनेक होती: औषधांची मिश्रणे, डोक्याइतकी वाढलेली कपाशी, संरक्षक कपड्यांचा अभाव. पण त्यांत हेही होते, की धोक्याची सूचना असलेला कागद बारीक टाइपात आणि पुस्तकी भाषेत असतो, आणि फवारणारा मजूर तो वाचण्याच्या परिस्थितीत नसतो. आज तीच माहिती मोबाइलवरच्या ॲपमधून येते. शेतकऱ्याने स्वतः पिकाची नोंद करायची ई-पीक पाहणीही १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर फोनवर आली. म्हणजे कळंब किंवा घाटंजीचा शेतकरी आधीच सॉफ्टवेअरला माहिती पुरवणारा झाला आहे. त्याच्या हाती नाही ते एवढेच, की पडद्यावरचा शब्द चुकीचा आहे हे सांगण्याची उघड जागा आणि त्या सांगण्याला मिळणारा नोंदणी क्रमांक. मुक्तस्रोत प्रकल्पात प्रत्येक तक्रारीला क्रमांक असतो, ती कुणी मांडली, कुणी काय उत्तर दिले, कधी निकाली निघाली, हे सगळ्यांना दिसते. तंत्राचे कौतुक बाजूला ठेवले तरी ही एक गोष्ट लोकशाहीच्या कामाची आहे.

यावर पहिले उत्तर येते ते असे, की यवतमाळात प्रोग्रामर कुठे आहेत, आणि आहेत ते शिकले की पुण्याला जातात. जातात हे खरे. पण पुसदला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, यवतमाळ शहरात १९९६ पासून आहे. संहिता वाचू शकणारी पन्नास मुले जमवणे अवघड नाही. शिवाय वर दिलेल्या उदाहरणांत प्रोग्रामरचे काम शेवटच्या टप्प्याचे होते. आधीचे काम वाचक, शिक्षिका, आशा कार्यकर्ती, ग्रंथपाल आणि कोलामी किंवा बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणारी मुले करू शकतात. इंग्रजीची अडचण खरी आहे, कारण प्रकल्पांचा कारभार इंग्रजीत चालतो. म्हणून तर मेळावा हवा: मराठीत सांगितलेली तक्रार इंग्रजीत नीट मांडणारे दोन-चार जण त्या खोलीत असले की पुरते. भाषेसाठी हजारो माणसे एकत्र आणण्याची सवय या गावाला आहे. १९७३ आणि २०१९ अशी दोन अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने यवतमाळने भरवली. आणि बंद पोथी उघडण्याचे मोलही इथल्या विद्वत्तेला माहीत होते. महानुभावांचे ग्रंथ शतकानुशतके सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत राहिले. त्यामुळे ते पंथात जपले गेले, पण बाहेरच्या कुणालाही त्यांचे पाठ ताडून पाहता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी ती किल्ली सापडली, आणि १९२५ साली यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांनी ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ लिहून त्या साहित्याचा पट अभ्यासकांपुढे मांडला. पाठभेद दिसू लागले ते त्यानंतर.

दुसरी हरकत प्रकल्प सांभाळणाऱ्यांची आहे आणि ती मला जास्त वजनदार वाटते. हौशी गर्दीने काम होत नाही, वाढते. ‘हॅक्टोबरफेस्ट’ या ऑक्टोबरातल्या वार्षिक उपक्रमात चार बदल पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळत असे. २०२० मध्ये निरर्थक बदलांचा असा पूर आला, की स्वतःहून नाव नोंदवलेल्या प्रकल्पांपुरताच उपक्रम मर्यादित करण्याची वेळ आयोजकांवर आली. २०२४ च्या सुरुवातीला ‘एक्सप्रेस’ या प्रकल्पाच्या माहितीपत्रकात आपले नाव घुसवणारे शेकडो बदल आले. त्यांत शिकाऊ भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. त्या मुलांना दोष देऊन भागत नाही. त्यांना योगदान म्हणजे मोजणी असे शिकवले गेले होते. त्याच वर्षी २९ मार्चला ‘एक्सझेड’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या छोट्या प्रकल्पात चोरवाट बसवलेली उघडकीस आली. तो वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने सांभाळणारा माणूस थकला होता, आणि मदतीच्या मिषाने आलेल्या अनोळखी हाताने त्याचा विश्वास मिळवला होता. ती चोरवाट सापडली, कारण आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याला लॉगिन होताना अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे खटकले. म्हणून मेळाव्याचे यश किती बदल पाठवले यावर मोजू नये. किती चुका नेमक्या शब्दांत मांडल्या आणि महिनाभराने आलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला त्यातले किती जण जागेवर होते, हे पाहावे. श्रमदानाने खोदलेले चर दुसऱ्या पावसाळ्यात गाळाने भरतात, हे ‘वॉटर कप’ या जलसंधारणाच्या स्पर्धेत राबलेल्या गावांना सांगायला नको.

तिसरी हरकत पैशाची. या सॉफ्टवेअरवर कंपन्या कोट्यवधी कमावतात. कापसाच्या भावासाठी झगडणाऱ्या जिल्ह्यातल्या मुलांनी त्यांच्यासाठी फुकट का राबावे? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर परवान्यात आहे. २०१३ मध्ये गूगलने भारतात मॅपेथॉन भरवून लोकांकडून नकाशात भर घालून घेतली. ती भर कंपनीच्या मालकीच्या नकाशात गेली, आणि लोकांनी संपादन करायचे ते साधन ३१ मार्च २०१७ ला कंपनीने बंद केले. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये घातलेले पोडाचे नाव मात्र कुणालाही उतरवून घेता येते, जिल्हा परिषदेला, वनहक्क समितीला, विद्यार्थ्याला, आणि ते वापरून सुधारलेला संग्रह प्रसिद्ध करणाऱ्याला तोही तसाच मोकळा ठेवावा लागतो. त्यामुळे योगदानाला बोलावणाऱ्याला आधी विचारायचे ते हे, की ही वही कुणाच्या घरी राहणार. ज्या कामातून संस्थेला थेट कमाई होते त्याचे मानधन मागण्यातही काही गैर नाही. दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला प्रवासखर्च आणि रोजी दिल्यावाचून अशा मेळाव्याला बोलावणे मला अन्यायाचे वाटते.

आता नवे म्हणणे असे, की कृत्रिम बुद्धिमत्ता भाषांतर करून देते, मग माणसे कशाला जमवायची. यंत्राने मराठी मसुदा बराच बरा होतो, हे मान्य करायला हवे. पण यंत्र शिकते ते आधी लिहिलेल्या मजकुरावरून. जिथे ‘वर्हाड’ लिहिलेले आहे तिथून ते ‘वर्हाड’च उचलते. वऱ्हाडी बोलीचा लिखित मजकूर थोडा, गोरमाटीचा त्याहून थोडा, आणि कोलामी २०११ च्या जनगणनेत सव्वा लाखाच्या आसपास लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली, तिचा तर फारच थोडा. मॉझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ प्रकल्पात लोक वाक्ये वाचून आपला आवाज मोकळ्या संग्रहाला देतात. मराठी त्यात आहे, पण उमरखेडच्या बाईचे बोलणे यंत्राला कळायचे असेल तर उमरखेडचा आवाज त्यात पडावा लागेल. यंत्र जितके मसुदे पाडील, तितके ते मोठ्याने वाचून तपासणाऱ्यांचे काम वाढत जाईल.

मेळावा घ्यायचा तर दिवस विचारपूर्वक निवडावेत. जूनमध्ये पेरणी, पोळ्याच्या पुढे-मागे फवारणी, दिवाळीपासून वेचणी. फेब्रुवारीच्या शेवटी हात थोडे मोकळे होतात आणि ऊन अजून सोसण्याजोगे असते. २७ तारखेचा मराठी भाषा गौरव दिनही त्याच आठवड्यात येतो. एका महाविद्यालयाचे सभागृह, जोडणी तुटली तरी चालेल अशी साधने, तालुक्याचे मोठ्या कागदावर छापलेले नकाशे, आणि तीनच प्रकल्प: एक नकाशा, एक शेती किंवा आरोग्याचे ॲप, एक आवाजाचा संग्रह. ज्यांच्याकडे दुरुस्ती मान्य करण्याचा अधिकार आहे असे प्रत्येक प्रकल्पाचे एक तरी माणूस त्या खोलीत हवे, नाहीतर सारे नुसते शिबिर होईल. पहिला दिवस सभागृहात, दुसरा पोडावर. तिथे यादी पडद्यावर दाखवू नये, वाचावी. एकेक नाव घ्यायचे आणि थांबायचे. कुणी सांगेल की हे नाव बाहेरच्यांनी ठेवलेले आहे, आम्ही याला दुसरेच म्हणतो. मग दोन्ही नावे लिहायची, कोलामी नाव आधी. कुणी म्हणेल की ही जागा लिहूच नका. तिथे रकाना रिकामा सोडायचा आणि पुढचे नाव वाचायचे.